चित्रामागचं नाव

ही गोष्ट मी तुमच्या आजोबांनाही सांगितली नाही. तुमच्या आईला तर नाहीच.

गेल्या महिन्यात तुम्ही दोघांनी प्रागच्या त्या चौकात उभं राहून फोटो पाठवलात — "आजी, तुझ्या इंग्रजीच्या बाईंचा चौक!" तोच घड्याळाचा मनोरा, त्याच कमानी, यवतमाळच्या आपल्या बैठकीत भिंतीवरच्या चित्रात आहेत तशाच. फक्त छापचित्रातल्या घोडागाड्या नव्हत्या. मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, आजीला फोन जमत नाही. जमतो.

ते चित्र बाईंनी दिलेलं नाही.

ते कमलनं दिलं. दारव्ह्याची कमल — कॉलेजात चार वर्षं माझ्या शेजारी बसलेली, माझ्याहून चांगलं इंग्रजी असलेली. रद्दीच्या दुकानात सापडलेलं ते चित्र काचेत बसवून तिनं माझ्या लग्नात आहेर म्हणून आणलं. मागे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं. आडनाव वाचताच माझ्या सासरी कुणालाही कळलं असतं की ती बौद्ध. मग? मग मी त्या नावावर खाकी कागद चिकटवला — कडा सरळ कापून, एकही सुरकुती न पडू देता. सासूबाईंनी विचारलं, "कोनं देल्लं वं हे?" मी म्हटलं, आमच्या इंग्रजीच्या बाईंनी. चित्र भिंतीवर राहावं म्हणून खोटं बोलले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. खरं तर मला त्या घरात चांगलं म्हणवून घ्यायचं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर —

पुढच्या वर्षी कमल भेटायला आली. भर दुपारी, एसटीनं. चित्र पाहून हसली. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "आमच्या सुनेच्या म्याडमनं देल्लं. लय पारख हाये तिले!" कमलनं माझ्याकडे पाहिलं. मी काय करत होते? बशीतली बिस्किटं गोल लावत होते.

"हो न मावशी," ती म्हणाली, "मानसाच्या पारखीत तेवढ्या चुकल्या म्याडम."

सासूबाई हसल्या. मीही हसले.

तिनं चहा संपवला. ती निघाली तेव्हा दारापर्यंत जायचं सोडून मी बशी उचलून आत नेली. नंतर पत्र लिहिलं नाही. ती राजूरला शिकवते, हे कळलं होतं — सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढाच रस्ता. गेले नाही. तीन वर्षांपूर्वी ती वारली, तेव्हाही नाही.

कमलचं नाव या घरात कुणी कधी घेतलं नाही. मी घेऊ दिलं नाही.