हात घट्ट झाला की

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार सय्यद अन्वर यांचे आहेत, आणि आयुष्यात मी सर्वांत जास्त जळलो तेही त्यांच्यावरच. दोन्ही एकदमच सांगतो, कारण एक लपवलं तर दुसरं खरं वाटणार नाही.

गुलमंडीतल्या साड्यांच्या एका दुकानात आम्ही दोघं सेल्समन होतो. ते पन्नाशीचे. मी पाचोडहून आलेला, घरातला पहिला पदवीधर, सकाळी एम.ए. अर्थशास्त्राचे तास करून दुकानात येणारा. अन्वरभाई साडी नुसती दाखवत नसत. ती गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकायचे, आरशाकडे वळवायचे आणि विचारायचे, "ही हळदीला का वरातीला, मावशी?" मावशी मनातल्या मनात वरातीत पोचल्या की भाई हात पुढे करत. "द्या इकडं, घडी घालून ठेवतो. दुसरी बघू." आणि मावशींची मूठ पदरावर आवळली जायची.

"तोंड नको बघू, दत्ता," ते नंतर मला सांगत. "तोंड खोटं बोलतं. हात बघ. हात घट्ट झाला की साडी तिची झाली."

मीही करून बघितलं. एका ताईंच्या खांद्यावर साडी टाकली न टाकली तोच "द्या इकडं" म्हणालो. त्यांनी ती शांतपणे काढून दिली. "घे बाबा, तुलाच शोभंल." सगळं दुकान हसलं. भाई म्हणाले, "लई घाई केलीस. आधी तिची होऊ तर दे. जी आपली झालीच नाय, ती गेल्याचं दुःख कशाला व्हईल?"

त्याच महिन्यात आमच्या सरांनी वर्गात हा विषय शिकवला होता. मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख मोठं असतं. आणि मिळालं की गेलं, हे माणूस कुठून मोजायला सुरुवात करतो त्यावर ठरतं. मी वही भरून काढली होती, तरी ते मला दिसलं नव्हतं. सातवी शिकलेल्या भाईंना ते लोकांच्या बोटांत दिसत होतं. ह्याचाच मला राग यायचा.

खरा राग मात्र गादीचा होता. लग्नाचा बस्ता घ्यायला दहा-बाराजण एकदम येतात आणि दाराजवळच्या पहिल्या गादीवर बसतात. ती गादी भाईंची. मी आत, परकर आणि ब्लाऊजपीस. एकदा पाचोडचीच मंडळी आली. मला कडेवर खेळवलेल्या काकू "काय दत्ता, बरंय का?" म्हणाल्या आणि भाईंसमोर जाऊन बसल्या. त्या दिवशी माझीही विक्री रोजच्यापेक्षा चांगली झाली होती. पण मी ती माझ्या कालच्या दिवसाशी मोजत नव्हतो. भाईंसमोरच्या ढिगाशी मोजत होतो, आणि तसा माझा प्रत्येक दिवस तोट्यातच जायचा.

मग मुलीच्या लग्नासाठी भाईंनी महिनाभर सुट्टी घेतली. शेठनी मला पहिल्या गादीवर बसवलं. भाई परत आले तेव्हा मी उठलो नाही. घड्या घालण्यात गुंतल्यासारखं केलं. महिनाभर जी दुसऱ्याची म्हणून वापरली, ती गादी सोडायची म्हटलं की माझं काहीतरी हिसकावलं जातंय असं वाटत होतं. भाई आत जाऊन परकरांच्या कपाटापाशी बसले. शेठनीही ते तसंच चालू दिलं.

तोवर माझं एम.ए. झालं होतं. पुढच्याच आठवड्यात, मागे केलेल्या अर्जावर, मला एका कनिष्ठ महाविद्यालयाचं पत्र आलं. तासिका तत्त्वावर शिकवायचं, आठ दिवसांत कळवायचं. मी नाही म्हणायचं ठरवलं, आणि दुकानात तसं सांगूनही टाकलं. मिळालेली गादी सोडून कच्च्या नोकरीवर कोण जाईल?

दुसऱ्या दिवसापासून भाई मला "सर" म्हणू लागले. "सर, जरा ती पैठणी द्या." "सर, चहा घेता ना?" चारचौघांत, अगदी अदबीनं. गिऱ्हाइकांना सांगत, "ह्ये आमचे प्राध्यापक. मुलाला अकरावीला कुठले विषय घ्यायचे, त्यांना विचारा." लोक खरंच विचारायचे. मी सांगायचो. पण मनात पक्कं होतं, हा गडी गादीसाठी मला घालवतोय.

सातव्या दिवशी भाईंनी हाक मारली, "ए दत्ता, पाणी आण रे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर म्हणा की."

भाई जोरात हसले. "झाला ना हात घट्ट? जा आता. लिही हौ, येतो म्हणून."

मी गेलो, होकार कळवून आलो. त्याच दुपारी ते पुन्हा पहिल्या गादीवर बसले. "पुण्य पण मिळालं, गादी पण," म्हणाले. माझी नोकरी पुढे पक्की झाली, पण गादीवरचे भाई आठवले की आजही पोटात दुखतं.

परवा त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

अन्वरभाईंना सलाम.

दरवर्षी वर्गात मी एका मुलीच्या खांद्यावर शाल टाकतो, थोडं बोलतो, मग "द्या इकडं" म्हणतो. मुलीची मूठ आवळते आणि वर्ग उसळतो. पोरं म्हणतात, सरांचं उदाहरण लई भारी. काल एकीनं विचारलं, "सर, हे तुम्हाला सुचलं कसं?" मी म्हणालो, "अनुभवातून." रात्री जेवण गेलं नाही. आठ वर्षांत मी तुमचं नाव एकदाही घेतलं नाही, कारण वर्गात तरी पहिल्या गादीवर मीच बसावं असं वाटायचं. उद्या नाव सांगणार आहे. तुमची वस्तू तुम्हाला परत. पण ठरवल्यापासून माझा हात घट्ट झालाय, भाई. त्या दिवशी गादीवरून उठलो नाही, त्याचीही माफी असावी. भेटलो की मला पुन्हा दत्ताच म्हणा, असं शेवटी लिहिणार होतो. ते काही लिहवत नाही. सरच म्हणा.

तुमचा,
दत्ता