पडला का?

प्लेगच्या साली एका सकाळी मी कोठीतला मेलेला उंदीर शेपटीला धरून परड्यामागच्या ओढ्यात भिरकावला आणि मोठा पराक्रम केल्यासारखा हात झटकून दारात येऊन बसलो. घरात कुणाला सांगितलं नाही. उंदीर पडला की घर सोडून माळावर झोपडीत राहायचं, अशी दवंडी होती, आणि मला माझी गादी फार प्रिय.

तेवढ्यात पखालवाला आला. पेठेला पाणी घालणारा हा माणूस त्या दिवसांत रामराम विसरला होता. दारात एकच विचारायचा, "पडला का?" मग उंबऱ्याबाहेर थांबून नाक वर करून हुंगायचा. पिसवा चावू नयेत म्हणून त्याच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या.

"न्हाय बा," मी त्याच्याच बोलीत म्हणालो.

त्यानं हुंगलं. मी हात धोतराला पुसत होतो, तिकडं बघितलं आणि पखालीचं तोंड पुन्हा आवळलं.

"मालक, उंदीर लपिवशीला. काखंतली पिलेगाची गाठ कशी लपिवशीला? आज हितं पाणी न्हाय. माळावर आणतो की!"

पाण्यावाचून घर कसं चालणार? दुपारी आम्ही पोराबाळांसकट माळावर होतो. आणि भरली पखाल पाठीवर घेऊन, चढ चढून, तो खरंच आला. त्यानं रांजण भरला. जाताना माझ्या हाताकडं मात्र पुन्हा एकदा बघून गेला.

बायकोनं ते पाहिलं. मला वाटलं, आता भांडणार. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "कुठल्या हातानं उचललात? तो वर करा. काख बघू दे."