गुरूच्या वेढ्यातून आत

अक्षर वेडंवाकडं आहे, चुकाही होतील, पण लिहावंसं वाटलं. काल मुलीने चुंबकावर कागद ठेवून वर लोखंडाचा कीस टाकला. किसाच्या कमानी उमटल्या.

"आई, गुरू ग्रहाभोवती असाच चुंबकशक्तीचा अफाट वेढा असतो. दूरच्या ताऱ्यांकडून आलेले कण तो परत फिरवतो."

"सगळेच?"

"नाही गं. फार जोराचे असतात ते थोडे वाकतात, पण आत शिरतात."

एवढ्या मोठ्या ग्रहापुढे इवल्या कणाची केवढी धमक! मी तर पारावर पुरुष दिसले की घरी परतते. म्हणून मुलीच्या शाळेतली एकही पालकसभा पाहिलेली नाही.

आज सभेला निघाले. पारावरून कोणी म्हणालं, "काय वहिनी, वाट चुकलात?"

मान वाकली, पण पाय थांबले नाहीत. मुलगी शाळेच्या दारातच उभी होती.