दोन्ही दारं एकट्याने

परदेशी पाहुण्यांसमोर मी दोन माणसांचं काम एकट्याने करून दाखवलं. करायला कोणी सांगितलं नव्हतं. उलट करू नका म्हणून बजावलं होतं.

आमच्या मोटारीच्या कारखान्यात दाराभोवतीचं रबर बसवायचं काम माझ्याकडे. डावीकडची दारं माझी, उजवीकडची माझ्या जोडीदाराची. तो लासलगावकडचा, ट्रॅक्टर चालवता चालवता कारखान्यात आलेला. रबर अंगठ्याने दाबत जायचं आणि वरून हातोडीने ठोकायचं. इतकी वर्षं दाबलं, की आता आधारचं मशीन मला माणूस मानायला तयार होत नाही.

तेव्हा एक नवी गाडी निघायची होती. ती आमच्याकडे नाशकात बनणार की पूर्वेकडच्या एका देशात, एवढंच ठरायचं होतं. तिथला कामगार म्हणे आमच्यापेक्षा स्वस्त. आम्हाला धक्काच बसला. आजवर स्वस्त म्हणून नावाजलेले आम्ही! आमच्यापायी कुठल्याशा गोऱ्या देशातला कारखाना बंद पडला, तेव्हा कॅन्टीनमध्ये गुलाबजाम होते.

ते ठरवणारे परदेशी पाहुणे यायच्या आधी युनियनच्या सेक्रेटरींनी गेटवर सभा घेतली. "गाडी पण आली पाहिजे आणि माणसं पण राहिली पाहिजेत. रोजच्यासारखं काम करा. जो शहाणपणा करील, तो शेजाऱ्याची जागा घालवील."

पाहुणे आले. एकाच्या हातात कामाचा वेळ मोजायचं घड्याळ. घड्याळ दिसलं की आमच्याकडे सगळ्यांचे हात सासुरवाडीत जेवणाऱ्या नव्या जावयासारखे वागतात. सावकाश, अदबशीर, एकेक घास. जोडीदार तर रबरावर नसलेली धूळसुद्धा पुसत होता.

इतक्यात एका पाहुण्याने मोबाइल पुढे धरला. त्या स्वस्त देशातला किडकिडीत गडी, हेच काम, सरसर सरसर. आमचे सुपरवायझर साहेब हसत म्हणाले, "विचारतायत, असा कोणी आहे का तुमच्यात?"

माझं डोकं फिरलं.

"भाऊ, गप ऱ्हाय," जोडीदार कुजबुजला. "घड्याळ हाय त्याच्या हातात."

मी त्याला कोपराने बाजूला सारलं. डावं दार झालं. इथे थांबावं की नाही? गाडीला वळसा घालून उजवंही उरकलं, आणि हातोडी हवेत फिरवून कमरेला खोचली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. जोडीदार रिकामी हातोडी धरून उभा, अंतरपाट धरलाय आणि नवरीच आली नाही अशा चेहऱ्याने.

हा रोजच असं काम करतो का, असं पाहुण्याने विचारलं. "रोज!" साहेब म्हणाले. मीही मान डोलावली.

संध्याकाळी इंदिरानगरात घरी आल्यावर बायकोला म्हटलं, "आज नाशिकची इज्जत राखली."

"बरं," ती म्हणाली. "आता तेवढं दळण घेऊन या."

गाडी नाशकालाच मिळाली. पेढे वाटले गेले. मग नव्या लाइनचा आराखडा नोटीस बोर्डावर लागला. दारांच्या रबरासमोर एकच माणूस. मी.

जोडीदाराने माझ्याशी बोलणं टाकलं. डबाही दुसऱ्या टेबलावर नेला. त्याला घरी बसवतात की काय, या धास्तीने मला माझ्या डब्यातलं जाईना. युनियनचे सेक्रेटरी त्याच्यासाठी साहेबांच्या केबिनला खेटे घालत होते, आणि येता-जाता माझ्याकडे असं बघत होते, की मी हातोडीशी चाळा करायचो. शेवटी जोडीदाराला चाचणीच्या ट्रॅकवर घेतलं. तयार गाडी फिरवायची, कुठे खडखडतंय का बघायचं. ट्रॅक्टरवर बसलेला हात कामी आला. तो एसीत, आणि मी गाडीभोवती धावतोय, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. कोपऱ्यात रबर नीट दाबायलाही फुरसत नाही.

एक दिवस दुरुस्तीच्या जागेवरून मला बोलावणं आलं. नवीकोरी गाडी उभी. काच खाली सरकली. आत जोडीदार, डोळ्यांना गॉगल. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलला.

"भाऊ, जरा जोरात पळवली की दार शिट्टी मारतंय. उजवं."

"ते तुझ्या बाजूचं. डावं बरोबर असेल."

"डावं बी मारतंय. फक्त सुरात मारतंय."

मी घाम पुसला. म्हटलं, "पण गाडी तर आणली की नाही आपण नाशकात?"

त्याने गॉगल काढून मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"पुढच्या टायमाला पाहुणे आले ना भाऊ, तू रजा टाक. त्या दिवसाचा पगार आम्ही वर्गणी काढून देऊ."