दोन हात हिरवा

शोभा, मी जबलपूर सोडलं त्या सकाळी आई अंगणात आली नव्हती. तिथूनच सुरुवात करतो. हे तुझ्यासाठी लिहितोय, पण आपल्यातले जे गाव सोडून पुण्याला, नागपूरला, अमेरिकेला गेले आणि जे मागे राहिले, त्यांच्या हाती पडलं तरी माझी हरकत नाही. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. माझ्या बाजूने मात्र मी ते कधी सांगितलेलं नाही.

एकाहत्तरची लढाई संपून चार महिने झाले होते. एप्रिलचं ऊन सकाळी आठलाच चटके देत होतं. बाबांनी माझी पत्र्याची ट्रंक सायकलच्या कॅरियरला सुतळीने बांधली होती आणि ते फाटकाशी घड्याळ बघत उभे होते, कारण फॅक्टरीतून त्यांना फक्त दोन तासांची सवलत मिळाली होती. तू नळावर हंडा भरत होतीस. हंडा भरून वाहत होता तरी तू नळ बंद करत नव्हतीस आणि माझ्याकडे बघतही नव्हतीस. मला वाटलं, तुला रडू येतंय. आईने स्वयंपाकघरातच माझ्या हातावर दही ठेवलं, कपाळाला कुंकू लावलं. मी पाया पडलो आणि म्हटलं, फाटकापर्यंत तरी चल. ती म्हणाली, "जाय बापा तू. गुडघे धरून राहिले रे माझे. इथूनच पाहते." मी वळून पाहिलं तेव्हा ती चुलीपाशी उभी होती आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात हिरवी दिसत होती. त्या घरात आपण सगळेच हिरवे दिसायचो, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

तो हिरवा रंग बाबांचा. लढाई सुरू झाली तेव्हा ब्लॅकआउटचा हुकूम निघाला. लष्करी फॅक्टऱ्यांचं गाव, तेव्हा सगळ्यांनाच धास्ती होती. खिडकीतून उजेडाची रेघ दिसली की वॉर्डन बाहेरून "बत्ती बुझाओ" म्हणून ओरडायचा. आपल्या गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारातला काळा कागद दोन दिवसांत संपला. लोकांनी तावदानांना वर्तमानपत्रं चिकटवली, कुणी शेण फासलं. आपल्या बाबांना असलं काम कसं खपणार? ते फॅक्टरीत रंगखात्यात होते. लष्करी गाड्यांना हिरवा रंग मारण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. वीस गाड्या एका रांगेत उभ्या असल्या तरी अमुक एकीचा रंग जरा फिका उतरलाय, हे ते लांबून सांगायचे. त्यांनी बाजारातून गडद हिरव्याचा डबा आणला आणि दोन्ही खोल्यांच्या बाराही तावदानांना आतून रंग दिला. एक हात मारला, वाळू दिला, मग दुसरा. तिसरा मारला असता तर दिवसाही अंधार झाला असता. काम झाल्यावर ब्रश धूत म्हणाले, "दोन हात बसले. आता वीस वर्षं हालत नाही." शेजारचे तिवारीजी मुद्दाम बघायला आले आणि फिनिशिंगची तारीफ करून गेले, तेव्हा बाबांनी त्यांना दुसरा चहा पाजला.

लढाई दोन आठवड्यांत संपली. रंग राहिला. दार पडवीत उघडायचं, पडवीला बांबूचा तट्टा, म्हणजे घरात जो काय उजेड यायचा तो त्या तावदानांतूनच. दूध हिरवट, भात हिरवट, पांढऱ्या मांजराला तर तू पोपट म्हणायचीस. बाबांना ओव्हरटाइम होता. उजाडायच्या आत जायचे आणि दिवेलागणीनंतर यायचे. मला म्हणाले, "वसंता, रिकामाच बसून राहिला ना? काचा खरवडून घे." मी रिकामाच होतो, हे खरं. डिप्लोमा होऊन दोन वर्षं झाली होती. आदल्या वर्षी नागपूरला नोकरी लागत होती, पण बाबांचा पाय मोडला आणि मी गेलो नाही. ती जागा गेली. मग मार्चमध्ये पुण्याच्या कारखान्याचं पत्र आलं. अमुक तारखेला हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

निघायच्या आधी बाबांचं काम उरकावं म्हणून मी दाढीचं पातं घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलो. तासाभरात एकच तावदान निघालं. त्या चौकोनातून खरं ऊन आत आलं आणि जमिनीवर पडलं. आई पाटावरून उठली, पाट भिंतीकडे सरकवला आणि म्हणाली, "काहून खरवडतं रे? राहू दे. उन्हाळ्यात डोळ्याले थंड वाटते." दुसऱ्या दिवशी तिने त्या मोकळ्या तावदानावर आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा टांगला. मला आयतंच कारण मिळालं. मी पातं ठेवून दिलं आणि मित्रांना भेटायला निघून गेलो.

पुण्याचं काय सांगू? आपण जबलपुरात मराठी म्हणून मिरवायचो, गणपतीत नाटकं बसवायचो. पुण्यात पहिल्याच दिवशी मी मेसमध्ये "भात संपून राहिला का भैया" म्हटलं आणि अख्खं टेबल हसलं. मी त्यांच्यासाठी हिंदीवाला झालो. महिन्याभरात मी "काहून" सोडून "का" म्हणायला शिकलो, "करून राहिलो" सोडून "करतोय" म्हणायला लागलो. आईची भाषा मी तिच्या हयातीतच टाकली, याची मला तेव्हा लाज वाटली नाही. आता वाटते.

पाचव्या आठवड्यात तार आली. मी पोचलो तेव्हा आई दवाखान्यात होती. वॉर्डाच्या भिंती पांढऱ्या, चादरी पांढऱ्या, खिडक्या सताड उघड्या. त्या उजेडात मी आईला पाहिलं. चेहरा, हात, तळवे, डोळ्यांचा पांढरा भाग, सगळं हळद लावल्यासारखं पिवळं. कावीळ आतपर्यंत मुरली होती. डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "इतने दिन घर में किसी ने देखा नहीं?" बाबा, ज्यांना वीस गाड्यांतला एक फिका रंग लांबून दिसायचा, ते जमिनीकडे बघत राहिले. आई मला एवढंच म्हणाली, "नोकरी पक्की झाली का?" मी हो म्हटलं. झालेली नव्हती.

चौथ्या दिवशी ती गेली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, हातात हिरवा चुडा भरला. मग तिला अंगणात आणलं. कितीतरी दिवसांनी ती अंगणात आली होती. ऊन कडक होतं आणि त्या हिरव्या लुगड्यावर तिचा चेहरा कसा दिसत होता, ते मी लिहीत नाही. तू तिथेच होतीस.

तेरावं झाल्यावर बाबांनी सगळी तावदानं खरवडली. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "तू जाय. तुझी गाडी आहे." त्यांची बोटं कापली होती आणि काचांवर ओरखडे उठले होते. घरात एकदम इतका उजेड झाला की तो सोसवेना. त्यानंतर सतरा वर्षं बाबा जगले. मी वर्षातून एकदा यायचो आणि दर वेळी ते त्या ओरखडलेल्या काचेसमोर बसलेले दिसायचे. आम्ही यावर एक शब्द बोललो नाही. ते मनात म्हणत असणार, मी दोन हात मारले. मी म्हणत होतो, मी खरवडलं नाही. एकाच गुन्ह्याचे दोन आरोपी समोरासमोर बसून चहा पीत होते.

आता वर्तमानाकडे येतो. आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे, हे तुला माहीत आहे. माझी सूनबाई, मुग्धा, मनाने चांगली, पण कुणी काही सांगितलं की लगेच मनावर घेते. तिने एका फेंगशुईवाल्या बाईंना बोलावलं. बाई होकायंत्र घेऊन खोल्याखोल्यांतून फिरल्या. मग मुग्धा मला समजावायला बसली, "बाबा, ईस्ट म्हणजे फॅमिली आणि हेल्थ. तिथलं एलिमेंट वूड. म्हणून ग्रीन हवाच." कोपऱ्यात बांबूची रोपं आली, हिरवे पडदे आले, इथवर मी हसत होतो. पुढच्या शनिवारी माणूस येऊन दिवाणखान्याच्या पूर्वेकडच्या खिडकीला हिरवी फिल्म चिकटवून गेला. रविवारी सकाळी नात दूध प्यायला तिथे बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि तिचा हात धरून तिला जवळजवळ ओढतच बाल्कनीत नेलं, उन्हात उभं केलं आणि डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या. पोर घाबरून रडायला लागली. मुलगा माझ्यावर ओरडला. त्याचं चुकलं नाही. त्याला मी काहीच सांगितलेलं नव्हतं.

त्या दुपारी मी तुला फोन केला. म्हटलं, बघ, माझ्या घरात आरोग्यासाठी हिरवं आणलंय. मी कडवट का होईना, थट्टाच करत होतो. तू म्हणालीस, "दादा, आईले माहीत होतं."

सांडगे घालताना तू उन्हात तिचे डोळे पाहिले होतेस. मार्चमध्येच. चौदा वर्षांची होतीस. "आई, तुझे डोळे पिवळे दिसून राहिले," म्हणालीस, तेव्हा तिने तुझा हात आपल्या गळ्याला लावून शपथ घातली. दादाला सांगायचं नाही. मागच्या वेळी बाबांसाठी थांबला आणि नागपूर गेलं, आता माझ्यासाठी थांबेल आणि पुणंही जाईल. तो गेला की दवाखान्यात जाऊ, असं म्हणाली. मी गेल्यावर मात्र, बाबांना सुटी नाही, म्हणत तिने दिवस ढकलले. तू डोळे पाहिलेस त्या दिवसापासूनच ती अंगणात येईनाशी झाली होती, नळावर तुला पाठवू लागली होती. लुगड्याचा तुकडा ऊन लागतं म्हणून टांगला नव्हता. मला दिसू नये म्हणून टांगला होता. आणि हंडा भरून वाहत होता तेव्हा तू रडत नव्हतीस, तोंड बंद ठेवत होतीस.

मी फोन आपटला. दोन महिने बोललो नाही. राग आईचा आला होता आणि आई सापडत नाही, म्हणून तो तुझ्यावर काढला. पण एक गोष्ट अजून टोचते, ती लिहून टाकतो. मला नाही सांगितलंस, ठीक. बाबांना सांगायला हवं होतंस. सतरा वर्षं तो माणूस आपल्या ब्रशला खुनी समजत जगला. हे लिहिताना हेही कळतंय की शपथ तुझ्या गळ्यात अडकली होती आणि ती काढायला घरात कुणी मोठं उरलं नव्हतं. जो मोठा होता तो पुण्यात शुद्ध मराठी शिकत होता. तुला माफ करण्याचा मला अधिकार नाही, शोभा. तू इतकी वर्षं एकटीने हे सांभाळलंस आणि मी तुझ्यावर फोन आपटला, तेव्हा माफी मीच मागायची आहे.

मुग्धाला मी सगळं सांगितलं. तिने टाचणीने कोपरा उचलला आणि ती फिल्म सोलून काढली. बांबू राहू दे म्हटलं. झाडाचा हिरवा खरा असतो, त्यात माणसाचा चेहरा लपत नाही.

लोक विचारतात, घर कुठलं? तोंडाने पुणे म्हणतो. मनात ते बाहेरचं अंगण येतं. आत नव्हे, बाहेरचं, नळाजवळचं, जिथे सगळ्यांचे चेहरे जसे होते तसे दिसायचे आणि जिथे मी आईला निघताना पाहिलं नाही.

परवा धीर करून तुला फोन केला. म्हटलं, महिनाभर ये इकडे. तू म्हणालीस, "नाही जमत रे दादा. गुडघे धरून राहिले." व्हिडिओ लाव म्हटलं, तर म्हणालीस, कॅमेरा बिघडला आहे.

शोभा, मी तिकीट काढलंय. पुढच्या मंगळवारी सकाळी जबलपूरला पोचतो. स्टेशनवर कुणाला पाठवू नकोस, मी रिक्षा करून येईन. तू फक्त बाहेर ये. पडवीत नको, दारात नको. गुडघे दुखत असतील तर खुर्ची टाकून बस, पण अंगणात बस, उन्हात. मी आधी तुझे डोळे बघेन, मगच घरात येईन.

तुझा,
वसंतादादा