मामांचा आवाज गेला तेव्हा

भोकरदनच्या माझ्या मोठ्या मामांइतकं कमी ऐकणारा माणूस मी आजवर पाहिला नाही; आणि त्यांचे कान तर ठणठणीत होते. ते मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हर्राशी म्हणजे लिलाव पुकारायचे. मक्याच्या ढिगाशी उभं राहून त्यांनी भाव पुकारला की पलीकडच्या शाळेतली पोरं पाढे चुकायची, असं म्हणत. घरी आले तरी मामांची हर्राशी संपत नसे. समोरच्यानं "काल ना मामा..." एवढं म्हणावं, की "मला म्हाईतंय!" म्हणून त्याचं वाक्य ते स्वतःच पुरं करत, आणि ते हमखास चुकीचं असे. माझं लग्न ठरल्याचं सांगायला मी जालन्याहून मुद्दाम गेलो, तर "मामा, माझं ठरलं" एवढ्यावरच त्यांनी कोणती मोटारसायकल घ्यावी हे मला अर्धा तास समजावलं. लग्नाचं त्यांना पत्रिकेवरून कळलं. मामी एकदा म्हणाली, "अहो, विहिरीवरची मोटर..." त्यावर त्यांनी विजेच्या कारभारावर भाषण ठोकलं. मोटर चोरीला गेलीय हे कळायला तिसरा दिवस उजाडला.

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज कायमचा गेला. मोंढा सुटला. मामा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, कुणी आलं की पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचे. मामीनं लिहिण्यासाठी पाटी आणली, ती त्यांनी भिरकावली.

एके सकाळी मामी त्यांच्याजवळच शेंगा फोडत बसली होती. बसल्या बसल्या, स्वतःशीच बोलावं तशी, ती लहानपणचं सांगू लागली. सातवीत ती शाळेत पहिली आली, गावानं सत्कार ठेवला आणि मांडवात म्हैस घुसून सरपंचांच्या गळ्यातला हार खाऊन गेली. मध्ये तोडायला कुणी नव्हतं, त्यामुळे गोष्ट प्रथमच शेवटापर्यंत पोचली. मामांचे खांदे हलायला लागले. मामी घाबरून उठली, बघते तर ते हसत होते. त्यांनी खुणेनं पाटी मागितली आणि लिहिलं, "तू पहिली आल्ती? कधी बोलली न्हाई."

"बोलले व्हते की. तुमी मधीच..." म्हणत मामी सवयीनं थांबली.

मामांनी लिहिलं, "मंग?"

तिथून मामा बदलले. लोक त्यांच्याकडे येऊन बोलू लागले आणि मामा ऐकू लागले. बांधावरून भांडणारे दोन सख्खे भाऊ वेगवेगळे येऊन तास तास मन मोकळं करून गेले आणि पंधरा दिवसांनी पेढे घेऊन जोडीनं आले. "मामांनी बराबर तोडगा काढला," असं ते गावभर सांगत सुटले. मामांनी पाटीवर लिहिलं, "म्या काय बी केलं न्हाई."

याच काळात माझी नोकरी गेली. मी भोकरदन गाठलं आणि दोन तास एकटाच बोलत राहिलो. जन्मात पहिल्यांदा मामांनी माझं पुरं ऐकून घेतलं. हलका होऊन उठलो, तर मामांनी पाटी पुढे ओढली आणि सावकाश काहीतरी लिहायला घेतलं. माझी गाडी निघायची वेळ झाली होती. "कळलं मामा, धीर धरतो," म्हणालो, त्यांचा हात दाबला आणि निघालो. त्यांना कसं आहे, हे विचारायचं राहूनच गेलं.

दोन महिन्यांनी मामा गेले. दहाव्याचं आटोपल्यावर मी मामीला विचारलं, "त्या दिवशी काय लिहीत होते गं?"

"दुखणं परत आलं म्हणून. तुला सांगायचं व्हतं त्येंला. म्या हाका मारणार व्हते, पर त्येंनीच हातानं न्हाई म्हणलं."

"रागावले असतील."

"न्हाई रे. पाटी पुसली आन् लिवलं, 'मी बी असाच व्हतो.' हसून राह्यले व्हते."

मला तोंड वर करवेना. मामीनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि मामांचं आणखी कायबाय सांगू लागली. जालन्याच्या गाडीची वेळ टळून गेली. मी बसूनच राहिलो.