गुनिलाचा खांदा आणि चौथ्या मजल्यावरचे शहाणे

सत्तावीस वर्षं विद्यापीठाच्या फरशा पुसून गुनिलाच्या उजव्या खांद्याचं वाटोळं झालं होतं. फरशा पुसून, बरं का, विचार करून नव्हे! पण चौथ्या मजल्यावरच्या मन-शरीर स्वास्थ्य केंद्रातल्या शहाण्यांना हे सांगणार कोण?

सोबतची इंगर निवृत्त झाली आणि चार मजल्यांच्या सफाईला दोघीच उरल्या, गुनिला आणि बोस्नियाहून आलेली मिरसादा. इंगरची जागा भरा, एवढंच दोघींचं मागणं. गुनिलाच्या पेन्शनला दोन वर्षं होती. जागा भरली नाही तर हा खांदा तोवर टिकत नाही, हे ती ओळखून होती. सफाई विभागाच्या यॉर्गननं मान डोलावली आणि माणसाऐवजी पाठवला त्या केंद्राचा, मनानं वेदना कमी करायचा अभ्यासक्रम. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

सगळ्या इमारतींतल्या मिळून एकतीस सफाईवाल्या बायका संशोधनात घेतल्या. आठ आठवडे, दर बुधवारी एक तास, चटईवर आडवं व्हायचं. शिकवायला तूवा, केंद्रातली तरुण संशोधक, पायात जाड लोकरीचे मोजे.

"खांद्याशी बोल, गुनिला," ती हळुवार म्हणायची. "त्याला विचार, तुला काय हवंय?"

"मॉप धरायला आणखी एक बाई हवीय त्याला," मिरसादा शेजारच्या चटईवरून म्हणायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

तास संपला की कागद. वेदना किती, शून्य ते दहा. गुनिलाचा खांदा आठावर ठणकत असायचा आणि ती लिहायची आधी चार, मग तीन, शेवटी शेवटी दोन. का? तर ती देशाच्या थंड उत्तरेकडची. कागदाच्या गिरणीत बापाचा अंगठा गेला, तेव्हा तो म्हणाला होता, "चालतंय, नऊ बोटं आहेत अजून." तिच्या घरात कुरकुर करणं म्हणजे चारचौघांत नाक शिंकरणं. त्यातून ती पोर समोर आशेनं बघत बसलेली. आठ लिहून तिचं तोंड कशाला उतरवा? आकडा उतरला की तूवा कशी खुलायची!

मे महिन्यात निकाल सांगायला सगळ्यांना बोलावलं. कॉफी होती, दालचिनीचे बन होते. केंद्राचा प्रमुख स्टाफन मोठा प्राध्यापक, पण आमच्या या देशात सगळेच एकमेकांना अरे-अगं करतात. गळा कापतानासुद्धा.

"बघा," स्टाफन पडद्यावरची उतरती रेघ दाखवत म्हणाला, "काम तेवढंच, पण वेदना निम्म्यावर आली!"

टाळ्या पडल्या. मग यॉर्गन उठला. "माझा तर जीव भांड्यात पडला. आता इंगरची जागा भरायची निकड उरली नाही. त्यापेक्षा हा अभ्यासक्रमच पुढं चालू ठेवू."

गुनिलानं हातातला बन खाली ठेवला. ती मिरसादाकडे वळली. "तू किती लिहायचीस?"

"तीनावरून एकावर आणलं," मिरसादा खाली बघत म्हणाली. "वीस वर्षं झाली गं इथे. तुमच्यासारखीच झालेय मी."

गुनिला तडक स्टाफनकडे गेली. "मी खोटं लिहिलंय. माझे कागद दुरुस्त करायचेत."

"अगं, खोटं कसं? त्या क्षणी तुला तसंच वाटलं असणार."

"माझ्या खांद्याचं तू मला सांगतोस? तुझ्या चहाच्या ओल्या पिशव्या रोज रद्दी कागदाच्या टोपलीतून वेचते मी, आणि तू मला शांतता शिकवतोस?"

स्टाफन प्रेमळ हसला. "हा राग शरीरात कुठं जाणवतो, ते बघ. श्वास घे."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. घरी जाऊन तिनं सुरुवातीला सही केलेला संमतीचा कागद शोधला. दुरुस्तीबद्दल त्यात अक्षर नव्हतं. पण दुसऱ्या पानावर होतं, की सहभागी व्यक्ती कधीही, कारण न देता माघार घेऊ शकते आणि मग तिची सगळी माहिती नष्ट करावी लागते. गुनिलानं ते वाक्य दोनदा वाचलं.

नऊ दिवस ती आणि मिरसादा कॉफीच्या सुटीत इमारतीमागून इमारत फिरल्या. प्रत्येकीनं आधी "जाऊ दे गं" म्हटलं आणि मग आपला खोटा आकडा सांगितला. एकतीसच्या एकतीस जणींनी माघारीवर सह्या केल्या. संशोधन आडवं झालं. उतरती रेघ गेली तसा यॉर्गनचा आडोसा गेला. युनियननं त्याला धारेवर धरलं आणि जूनमध्ये इंगरच्या जागेची जाहिरात लागली.

त्या दिवशी तूवा जिन्यात आली. डोळे सुजलेले. "चार वर्षांचं काम होतं माझं, गुनिला. मी दर बुधवारी विचारत होते ना तुला? कळकळीनं विचारत होते. एकदा तरी खरं सांगायचंस!"

सत्तावीस वर्षांत दुखतंय का म्हणून विचारणारी ही पहिलीच, हे गुनिलाला तेव्हा उमगलं. पोरीचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. पण माफी मागावीशी वाटली नाही.

"खरं किती होतं?" तूवानं नाक पुसत विचारलं.

"आठ. दर बुधवारी आठ."

"हे आता मला कुठंच लिहिता येणार नाही," तूवा म्हणाली आणि खाली उतरून गेली.